एका गोल्फरचा श्वास आणि पंधरा फटके

'श्वास सुधारा, गोल्फ सुधारेल' असा दावा तुम्ही कुठेतरी वाचला असेल. कुरखेड्यात गोल्फ कोण खेळतो, असं म्हणाल. बरोबर आहे. पण सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांनी या दाव्यामागचा एक निबंध बघायलाच हवा.

2008 मध्ये लिआ लागोस आणि सहकाऱ्यांनी 14 वर्षांच्या एका गोल्फरवर तो छापला. आठवड्यातून एकदा, एकूण 10 सत्रं. हृदयाच्या ठोक्यांमधलं अंतर कसं बदलतं ते यंत्रावर पाहत मंद श्वास घ्यायचा. शेवटी 18 होलच्या फेरीतली त्याची सरासरी आधीच्या हंगामापेक्षा 15 फटक्यांनी कमी झाली. (गोल्फमध्ये कमी फटके म्हणजे चांगला खेळ.)

शरीरशास्त्राचा भाग पक्का आहे. श्वास घेताना ठोके वाढतात, सोडताना कमी होतात. मिनिटाला साधारण 6 श्वास घेतले की रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया त्याच लयीत येते आणि ठोक्यांचा चढउतार मोठा होतो. लोणावळ्यात कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम काढलं तेच मुळी योग प्रयोगशाळेत तपासायला, म्हणजे श्वास मोजणं आपल्याकडेही नवं नाही.

अडचण पुढच्या उडीत आहे. ठोक्यांपासून चेंडूपर्यंत. चौदाव्या वर्षी पोरगं एका हंगामात उंच होतं, ताकद वाढते, मागच्या वर्षीचा सराव अंगात मुरतो. त्यात प्रयोगशाळेतली माणसं दर आठवड्याला फक्त त्याच्याकडे लक्ष देतायत! तुलनेला दुसरा मुलगा नाही. मग 15 पैकी किती फटके श्वासाचे? सांगताच येत नाही. एवढा मोठा फरक बघून मला तरी खात्री वाटण्याऐवजी शंकाच आली.

लेखकांवर मात्र राग नको. या काळात मुलाला गोल्फचं शिक्षण दिलं नव्हतं, हे त्यांनी नोंदवलंय. निबंधाला 'केस स्टडी' म्हटलंय आणि निष्कर्षात 'मदत होऊ शकते' इतकंच लिहिलंय. त्या 'शकते'चं 'होते' करतात ते उद्धृत करणारे. तुमच्या संदर्भ-आढाव्यात हे होऊ देऊ नका.

हाच प्रश्न आपल्याकडे आणा. पोलीस भरतीसाठी पहाटे गोळाफेकीचा सराव करणारी पोरं-पोरी घ्या. चिठ्ठ्या टाकून दोन गट. एका गटाला मंद श्वास. दुसऱ्यालाही तेवढाच वेळ, तेच यंत्र, तेवढंच लक्ष, पण श्वास नेहमीच्या गतीने. टेप धरणाऱ्याला कोण कुठल्या गटातला ते कळता कामा नये. दावा दडपणाबद्दल आहे ना, मग एकदा तरी बघ्यांसमोर फेकायला लावा. आणि मुख्य मोजमाप आधीच लिहून ठेवा: गोळ्याचं अंतर, बस्स. चिंता, झोप, नाडी, अंतर असं सगळं मोजून नंतर निवडायला बसलात तर काहीतरी सुधारलेलं निघणारच.

कबड्डी नको का, असं कुणी विचारेल. तिथे दम तुटला की गडी बाद, श्वास नियमातच बसलेला. तुमचा प्रश्न तिथे वेगळा काढणं अवघड जाईल. गोळाच बरा.