शिक्का आणि मोर्तब

टोकनाची पहिली तीन अक्षरं कायम तीच: ई, वाय, जे. जुन्या पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ असायचा, तसं. फक्त यामागे भक्ती नाही. महिरपी कंस, अवतरणचिन्ह आणि पुढचं इंग्रजी अक्षर बेस-६४ मध्ये बसवलं की हीच तिकडी पडते. त्यापुढे अक्षरांची एकसलग माळ, मध्ये दोन टिंबं. म्हणजे तुकडे तीन: माथा, मजकूर, सही.

पेणच्या एका गणपती कारखान्याची ऑर्डरींची वही मी संगणकावर आणून दिली आहे. लॉगिन ॲमेझॉनच्या कॉग्निटो सेवेकडून, मुंबईच्या केंद्रातून. वही मात्र कारखान्यातल्याच एका जुन्या संगणकावर चालते. ‘हमरापूरचे दोनशे नग रंगले’ अशी नोंद फोनवरून आली की तिच्यासोबत लॉगिनच्या वेळी मिळालेलं हे टोकन येतं. ते अस्सल की बनावट हे ठरवणारं चाळीसेक ओळींचं फंक्शन मला वाचायला आवडतं. माझं म्हणून नव्हे, त्यातला निम्मा शहाणपणा लायब्ररीचा आहे. आवडतं ते त्याच्या संशयाच्या क्रमासाठी.

आधी ते फक्त माथा उघडतं आणि दोनच गोष्टी टिपतं: सहीची पद्धत आणि किल्लीचा क्रमांक. पुढच्याच ओळीत, पद्धत आरएस२५६ नसेल तर बाहेरचा रस्ता. या ओळीवर मी दर वेळी रेंगाळतो. टोकन सांगत असतं, मला अमुक पद्धतीने तपासा. कोड म्हणतो, ते मी ठरवीन. २०१५च्या मार्चमध्ये टिम मॅक्लीन यांनी दाखवून दिलं की कित्येक लायब्रऱ्या हा निर्णय टोकनावरच सोडत होत्या. माथ्यावर ‘पद्धत: काही नाही’ असं लिहायचं, सहीची जागा कोरी ठेवायची, की टोकन मंजूर! चोरालाच विचारायचं, पंच कोण नेमू? आणि या टोकनांचं अधिकृत मानक, आरएफसी ७५१९, निघालं त्यानंतर दोन महिन्यांनी.

मग सही. २५६ बाइटांची, टोकनात ३४२ अक्षरं. ती करायची खासगी किल्ली कॉग्निटोच्या बाहेर पडत नाही. तपासायची सार्वजनिक किल्ली ठरल्या पत्त्यावर कोणालाही मिळते. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांना सुचलेली ही युक्ती पेणमध्ये समजावणं सोपं जातं. साच्यातून मूर्ती कोणीही काढील, पण डोळ्यांची आखणी ठरावीक हातच करतात. आखणी कोणाची, हे कारखान्यातलं पोर लांबून सांगतं. स्वतःला मात्र ती येत नसते. (उपमा इथेच सोडलेली बरी. आखणीची नक्कल करणारेही आहेत.)

ही सही एकट्या मजकुरावर नसते. माथा, टिंब आणि मजकूर या सगळ्यावर मिळून असते. आपण ‘शिक्कामोर्तब’ एका दमात म्हणतो, पण शिवकाळातल्या पत्रांत त्या दोन गोष्टी होत्या. शिक्का वरती, पत्र कोणाचं ते सांगणारा. मोर्तब अगदी शेवटी, मजकुराला लागून, खाली कोणी ओळ घुसडू नये म्हणून. मजकूर लांबला आणि कागदाच्या बंदाला बंद चिकटवला, तर जोडावर पाठीमागून छाप. टोकनातलं पहिलं टिंब मला तो जोड वाटतो.

मजकूर वाचायचा तो सही जुळल्यावर. माझ्या पहिल्या मसुद्यात सहीची पायरीच नव्हती: मजकूर उलगडला, नाव वाचलं, आत घेतलं. बेस-६४ कोणीही उलगडतो. ते कुलूप नाही, नुसती घडी आहे. दोन दिवस तसंच चाललं, आणि चालत होतं म्हणूनच लक्षात आलं नाही.

अस्सल सहीचं, पण दुसऱ्याच ॲपसाठी काढलेलं टोकनही परत पाठवावं लागतं. दिवा-रोहा गाडीचं तिकीट खरंच असतं, पण पेणपर्यंतचं असेल तर त्यावर रोह्याला उतरता येत नाही.

किल्ल्या एकदा आणून डिस्कवर ठेवल्या आहेत. त्यामुळे जुलैत इंटरनेट बसलं तरी हातात टोकन असलेल्याचं काम अडत नाही. दर नोंदीला मुंबईला विचारायला नको. दोषही हाच. सकाळी काम सोडून गेलेल्याचं टोकन मुदत संपेपर्यंत, कॉग्निटोत एरवी तासभर, चालतच राहतं.

शेवटची ओळ मुदतीची. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजायचे आणि टोकनातल्या आकड्याशी ताडून बघायचे. इतका वेळ कोणावरही विश्वास न ठेवणारा कोड इथे मात्र संगणकाच्या घड्याळापुढे मान तुकवतो. गेल्या पावसाळ्यात रात्रभर वीज नव्हती. सकाळी एका मुलाच्या फोनवरून आदल्या दिवशीच्या टोकनासह नोंद आली आणि ती बिनबोभाट आत गेली. सही बरोबर, किल्ली बरोबर, ॲप बरोबर. नोंदीपुढची तारीख तेवढी २०१५ सालची. मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपला होता, आणि इंटरनेट बंद असल्याने घड्याळाला सुधारायला वाव नव्हता.

बाजारातल्या घड्याळवाल्याकडे सेल मिळाला. फंक्शनात एक ओळ वाढवली: टोकन दिल्याची वेळ आपल्या घड्याळाच्या पुढची दिसली, तर नाकारायचं.