अफझलगंजचा दवाखाना नकाशात शोधताना

जुन्या हैदराबादचा फोटो हाती आला की आपण लगेच लिओनार्ड मन यांचे नकाशे उघडतो. सवय चांगली, पण नकाशाचं वर्षही बघा की! मनसाहेबांची मोजणी मुसीच्या १९०८ च्या पुरानंतरची. अफझलगंजचा दवाखाना त्या पुरातच गेला. नकाशात तो सापडत नाही म्हणून चांगल्या फोटोला खोटं ठरवणं हा निव्वळ उतावळेपणा. उलट फोटोत उस्मानिया दवाखान्याचे घुमट दिसत असतील, तर ‘पुराआधीचं दृश्य’ ही ओळ बिनधास्त खोडावी. काचेची निगेटिव्ह उलटी छापली गेली असेल, तर मात्र चारमिनार कामाचा नाही. तो चारी बाजूंनी सारखाच. तिथे मी आधी दुकानावरची उर्दू पाटी शोधतो.