शेवटचं पान आधी

आमच्या सौ.ला रहस्यकथा शेवटच्या पानापासून वाचायची खोड आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात मी वाचनालयातून हौसेने एक रहस्यकथा आणली. हिने शेवटचं पान उघडलं, "खून मामाने केलाय," असं जाहीर केलं आणि मग शांतपणे पहिल्या पानापासून वाचायला बसली. बाबूराव अर्नाळकरांवर पोसलेल्या माझ्यासारख्याला हा जेवणाआधी विडा खाण्याचा प्रकार वाटला. तिचं म्हणणं एवढंच, "अहो, कुणी केलं ते एकदा कळलं, की माणसांकडे नीट लक्ष देता येतं."

चाळीस वर्षं चाललेल्या या वादाचा निकाल ख्रिस्तोफर नोलन या दिग्दर्शकाने परस्पर हिच्या बाजूने लावून टाकला. त्याचा २००० सालचा 'मेमेंटो' मुलाने घरी लावून दिला. पहिल्याच दृश्यात एका हातात पोलरॉइड फोटो. फोटो झटकला की चित्र उमटायला हवं. इथे ते पुसट होत होत कोरं झालं. मग फोटो कॅमेऱ्यात परत गेला, पिस्तूल उडून हातात आलं, मेलेला माणूस जिवंत झाला. "अरे, मशीन उलटं फिरतंय!" मी ओरडलो. "बाबा, गप्प बघा," चिरंजीव म्हणाले.

नायक लेनर्ड शेल्बी. घरावर हल्ला झाला, त्यात डोक्याला मार बसला. तेव्हापासून जुनं सगळं आठवतं, पण नवं काही मिनिटांतच पुसलं जातं. बायकोच्या खुन्याला शोधायचंय. म्हणून फोटो काढायचे, त्यांवर शेरे लिहायचे, आणि फार महत्त्वाचं असेल ते अंगावर गोंदून घ्यायचं. रंगीत प्रसंग एकेक करून मागे जातात, कृष्णधवल प्रसंग सरळ पुढे येतात, आणि शेवटी दोघांची गाठ पडते.

पहिला अर्धा तास मला काही कळेना. मग लक्षात आलं, लेनर्डलाही कळत नाहीये! एके ठिकाणी तो धावत असतो. का, ते त्याला आठवत नाही. पलीकडे आणखी एकजण धावताना दिसतो. अच्छा, आपण याचा पाठलाग करतोय तर! तेवढ्यात तो माणूस गोळी झाडतो. म्हणजे पाठलाग उलट दिशेने चाललाय! मागचं काही ठाऊक नसल्याने आपणही त्याच्याइतकेच बावळट ठरतो. उलट्या क्रमाची ही खरी कमाई. दोषही आहे. शेवटचा उलगडा एकच माणूस भडाभडा बोलून करतो. दिवाणखान्यात सगळ्यांना जमवणाऱ्या जुन्या डिटेक्टिव्हची आठवण झाली.

पण खरी गंमत सुडाची आहे. सरळ चालणाऱ्या सूडपटात आधी अन्याय, मग राग, शेवटी सूड. तोवर आपण इतके तापलेले असतो, की मेला तो तोच होता ना, हे विचारायचंही टाळ्यांच्या नादात राहून जातं. 'मेमेंटो'त सूड आधीच उरकतो. टेडी नावाचा माणूस डोळ्यांदेखत मरतो आणि आपल्याला काडीचाही राग आलेला नसतो. मग उरलेला सगळा वेळ आपण कारण शोधत मागे जातो.

आणि सापडतं काय? टेडी सांगतो, की खरा गुन्हेगार कधीच मेलाय. ते लेनर्डला सोसत नाही. काही मिनिटांत आपण हे विसरणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो टेडीच्याच गाडीचा नंबर पुरावा म्हणून टिपून ठेवतो. स्वतःला फसवायला स्वतःच्याच अक्षरात! (शेवट फोडला म्हणून रागावू नका, गोष्टीच्या हिशेबाने ही सुरुवात आहे.)

आपल्याकडे २००५ साली तमिळमध्ये आणि २००८ साली हिंदीत 'गजनी' आला. त्याने गोंदण घेतलं, फोटो घेतले, विसराळूपणा घेतला. उलटा क्रम तेवढा सोडला. त्याबरोबर शंकाही गेली. तिथला खलनायक खराखुरा खलनायक, म्हणून टाळ्या बिनघोर.

चित्रपट संपला तेव्हा मी जरा गप्पच होतो. त्याचं कारण माझ्या डायऱ्या. १९८६च्या डायरीत ऑक्टोबरात मी लिहिलंय, 'अण्णाने दोन हजार बुडवले. पुन्हा व्यवहार नको.' पुढे दर वर्षी नव्या डायरीच्या पहिल्या पानावर ही नोंद मी इमानाने उतरवत आलो. सख्ख्या भावाशी बोलणं कामापुरतं.

दुसऱ्या दिवशी हिने ती जुनी डायरी काढली आणि सवयीप्रमाणे मागून पुढे वाचू लागली. ऑक्टोबरवरून सप्टेंबरात आली आणि थांबली. मग डायरी माझ्यापुढे धरली. 'आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. खर्च अण्णाने केला. माझ्या वाट्याचे दोन हजार त्याच्याकडच्या पैशात वळते करायला सांगितले.' अक्षर माझंच. मधल्या पानावर पुतण्याची मुंज होती, तिथे मला मानाचं पान मिळालं नव्हतं. म्हणजे ऑक्टोबरातली ती ओळ लिहिताना मला सगळं ठाऊक होतं.

संध्याकाळी अण्णाला फोन केला. त्या दोन हजारांचं माझंच चुकलं, एवढं कसंबसं म्हणालो.

"कुठले दोन हजार रे?" अण्णा म्हणाला.

अण्णाची स्मरणशक्ती अजून अगदी शाबूत आहे.