स्वप्न, दर्शन आणि 'स्मृतिचित्रे'

बेळगाव-निपाणी भागातील मंडळ्यांत कोणी स्वप्नाचा अर्थ विचारावयास आला, तर धर्मोपदेशकाने काय सांगावे? या कामी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आम्हांस उपयुक्त वाटतात. १८९५ साली ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा झाला. परंतु पतीची खात्री लक्ष्मीबाईंनी उसनी घेतली नाही. जातिभेद ईश्वराने केला की मनुष्याने, या प्रश्नाचा उलगडा त्यांच्या मनात एकाएकी झाला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या क्षणाला लेखिका चमत्काराचा साज चढवीत नाही, हेच ग्रंथाचे बळ होय. पेत्राचे दर्शनही (प्रे. कृत्ये १०) कर्नेल्याच्या उंबरठ्यावरच स्पष्ट झाले. तेव्हा स्वप्नाने पंगत वाढली की मोडली, हे आपण आधी पाहावे. अर्थ मागाहून सांगावा.