नीला म्हणजे नळ नव्हे

पायाच्या खोल नीलेत रक्ताची गुठळी झाली, की तुंबलेल्या नळाची उपमा दिली जाते. वर्गात ती देऊ नये, असे आम्हाला वाटते.

हेपॅरिन, वॉर्फरिन ही औषधे गुठळी विरघळवत नाहीत, तिची वाढ रोखतात. विरघळवण्याचे काम रक्तातलेच प्लाझ्मिन करते. उरलेल्या गुठळीत तंतुमय ऊती शिरतात, ती आकसते आणि काही आठवड्यांत-महिन्यांत रक्ताला पुन्हा वाट मिळते.

पण नीलेला झडपा असतात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्याच दाबाने उघडतात, हे कोल्हापूरच्या मुलांना ठाऊक असते. झडपाही रक्ताच्याच दाबाने उघडतात. शिवाय रक्त मागे फिरताच मिटतात. गुठळीने त्या आखडल्या, तर वाट मोकळी होऊनही रक्त खाली साचते. पाय सुजतो, त्वचा काळवंडते, कधी व्रणही होतो.

नळाची उपमा इथेच घात करते. सूज उतरली म्हणजे नळ मोकळा, असे समजून रुग्ण औषध मध्येच सोडतो. गुठळी पुन्हा वाढून तुकडा फुफ्फुसात गेला, तर जिवावर बेतते. उपचार सहसा निदान ३ महिने चालतो.

विल्यम हार्वे याने १६२८ साली दंडाला पट्टी बांधून, फुगलेल्या नीलांवर बोट फिरवून झडपांचे काम दाखवले. शिक्षकांनी उपमेऐवजी तो प्रयोग करून दाखवावा.