मुखपृष्ठावरील स्त्री

दिवाळी अंक हाती आला की वाचक आधी मुखपृष्ठ पाहतो आणि मग अनुक्रमणिका. त्या मुखपृष्ठावर बहुधा स्त्रीच असते. या प्रथेला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत गोमंतकाचे दोन चित्रकार अग्रभागी होते, दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर. दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केली. मुळगावकरांची स्त्री मऊ, नितळ कांतीची, जणू तिला ऊन कधी लागलेच नाही. दलालांच्या रेषेला मात्र ग्रामीण, कष्टकरी स्त्रीचेही आकर्षण होते. दोघांच्या चित्रांत सौंदर्याचे उदात्तीकरण आहे, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि ते चित्र घरात कौतुकाने पाहिले जाई. त्याच्याशी कोणी आपल्या मुलीची तुलना करीत बसत नसे, निदान उघडपणे तरी.

अंक उलटून मलपृष्ठावरील प्रसाधनांच्या जाहिराती पाहाव्यात. तेथील स्त्री तुलनेसाठीच उभी केलेली असते. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या मलमाच्या वेष्टनावर पुढे एकाच मुलीचे चेहरे गडद ते उजळ अशा क्रमाने छापले जाऊ लागले. नोकरी न मिळणारी सावळी मुलगी गोरी होते आणि तिचे भाग्य उघडते, अशा कथा तिच्या चित्रफितींत वर्षानुवर्षे दाखविल्या गेल्या. सावळ्या वर्णास हीन दाखवू नये, असा नियम जाहिरात मानक परिषदेने २०१४ साली केला. वेष्टनावरील तुलना २०१९ साली गेली आणि २०२० साली नावातील 'फेअर'च्या जागी 'ग्लो' आले. चेहऱ्याची तक्रार मात्र तशीच राहिली.

आम्हांस अधिक खंत वाटते ती भाषेची. गव्हाळ, निमगोरी, सावळी, तुकतुकीत काळी, शेलाटी, ठुसकी, अंगापिंडाने भरलेली, नाकीडोळी नीटस: मराठीने स्त्रीदेहाकडे किती बारकाईने पाहिले होते! (त्या पाहण्यात पुरुषी दृष्टी होतीच, हे मान्य.) वधूवरांच्या जाहिरातींत यांतले 'गोरी' आणि 'सडपातळ' एवढेच उरले. विठ्ठलास सावळा म्हणताना आमचा कंठ दाटतो. मुलीच्या बाबतीत तोच शब्द आम्ही आवाज उतरवून उच्चारतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात द्रौपदीची भूमिका दहावीतील एका मुलीस दिली होती. पाठांतर चोख, आवाज खणखणीत. तालमी चालू असता काही पालक आले. द्रौपदी सुंदर हवी, ही मुलगी काळी दिसते, असे त्यांचे म्हणणे. शिक्षकांनी रंगभूषेचा उपाय सुचविला. मुलीने तोंडाला पांढरे फासून घेण्यास नकार दिला. मुख्याध्यापक या नात्याने निर्णय आमचा होता. आम्ही तिला पडद्यामागील निवेदन दिले आणि एका उजळ मुलीस द्रौपदी केले. महाभारतात द्रौपदीस 'कृष्णा' का म्हटले आहे, हे त्याच वर्गाला त्याच सत्रात आम्हीच समजावून सांगितले होते. मुलीने त्याची आठवण करून दिली नाही. निवेदनाचा कागद घेतला आणि ती वर्गात निघून गेली.