झरणीची निवड आणि हाताचे वळण

गेल्या महिन्यात माझा भाचा एक नवी झरणी घेऊन माझ्या कचेरीत आला. परीक्षेसाठी म्हणून त्याने ती मागविली होती. डबीत झरणीबरोबर तीन निरनिराळ्या रंगांची टोपणे होती, बोटांच्या पकडीच्या जागी चढवावयाच्या दोन नळ्या होत्या आणि झरणीच्या अंगावर त्याचे नाव कोरलेले होते. किंमत म्हणावी तर एखाद्या साध्या पुस्तकाएवढी. "मामा, असे पेन दुसऱ्या कोणाकडे सापडायचे नाही. हे खास माझे," तो म्हणाला. मी त्या झरणीने दोन ओळी लिहून पाहिल्या. टोपण बदलता येत होते, पकड बदलता येत होती, नाव तर पुसता येऊ नये असे कोरलेले होते. बदलता येत नव्हते ते एकच : कागदाला टेकणारे टोक.

"ही वस्तू केवळ तुमच्यासाठी," असे हजारो गिऱ्हाइकांना एकाच वेळी सांगण्याची व्यापाराची हातोटी आजची नाही. परंतु स्वस्त झरणीच्या बाबतीत हा दावा एकदा तरी बऱ्याच प्रामाणिकपणे केला गेला होता, आणि त्याचा पुरावा माझ्याच मेजाच्या खणात पडून होता. माझ्या आजोबांची एस्टरब्रुक झरणी मी त्याच दिवशी बाहेर काढली. तिच्याशी या नव्या झरणीची तुलना केल्यावाचून, कोणती सोय खरी आणि कोणती नुसती चमत्कृती, याचा निवाडा होणार नाही.

रिचर्ड एस्टरब्रुक हा मूळचा इंग्लंडातील कॉर्नवॉलचा. अमेरिकेत न्यू जर्सी संस्थानातील कॅम्डन गावी १८५८ साली त्याने पोलादी टाकांचा धंदा मांडला आणि पुढे त्याची कंपनी त्या देशातील टाकांची फार मोठी उत्पादक झाली. टाकाच्या धंद्यात एक गोष्ट आपोआप शिकावयास मिळते. दांडी एकच असते. निबे मात्र अनेक प्रकारची लागतात, कारण शाळेतले पोर, पेढीवरचा कारकून आणि नकाशा काढणारा यांची कामे एक नसतात. १९३० च्या दशकात ही कंपनी झरण्या करू लागली तेव्हा हेच जुने शहाणपण तिने नव्या वस्तूत आणले. तिची जी झरणी 'डॉलर पेन' म्हणून ओळखली जाते तिचे निब, त्याखालची शाई पुरविणारी जीभ आणि दोहोंना धरणारी कडी हे सारे मिळून एक घटक केलेला असे, आणि तो घटक आट्यांनी झरणीत बसे. पिळून काढावा, दुसरा पिळून बसवावा. हत्यार लागत नाही, कारागीर लागत नाही. शाई भरण्यासाठी पोटात रबराची पिशवी आणि बाजूला एक तरफ, एवढीच बाकीची यंत्रणा.

प्रत्येक निबावर चार आकडे कोरलेले असत. आजोबांच्या झरणीत १५५१ हे निब आहे. ते विद्यार्थ्यांसाठी म्हणून विकले जाई. १५५५ हे ग्रेग पद्धतीच्या लघुलेखनासाठी, २६६८ हे रोजच्या लिखाणासाठी, २२८४ हे जाड, चपट्या टोकाचे, सहीसाठी. कार्बन कागदाखालच्या प्रती स्पष्ट उमटाव्यात म्हणून ताठ निबे निराळी होती. ज्या वकिलाच्या टंकलेखकाने रजा घेतली आहे त्याला त्यांचे मोल सांगावयास नको. १ ने सुरू होणाऱ्या क्रमांकांची निबे साध्या पोलादाची आणि स्वस्त असत. ती कालांतराने झिजत. ९ ने सुरू होणाऱ्यांच्या टोकाला कठीण धातूचा कण असे आणि ती पुष्कळ टिकत. म्हणजे गिऱ्हाइकाने काय घेतले आणि किती दिवसांसाठी घेतले, हे त्या चार आकड्यांत लिहून ठेवलेले असे.

आता दुसरी बाजू. यात कंपनीचा स्वार्थ नव्हता असे कोण म्हणेल ? झरणी एकदा खपते, निबे पुनःपुन्हा खपतात. परंतु स्वार्थ असला म्हणजे कपट असतेच असे नाही. ज्या सोयीने विकणाऱ्याचा फायदा होतो आणि घेणाऱ्याचीही अडचण दूर होते, तिला मी चमत्कृती म्हणणार नाही. निब पडून वाकले तर पुरी झरणी टाकावी लागत नसे. ही गोष्ट मोजक्या पगाराच्या कारकुनाला किती मोलाची वाटली असेल, हे ज्याला महिन्याचा हिशेब ठाऊक आहे त्याने समजून घ्यावे.

याच्या उलट, महाग झरण्यांनी हाताशी जुळवून घेण्याच्या ज्या युक्त्या काढल्या त्यांकडे पाहावे. १९३० च्या दशकातच वाल-एव्हरशार्प कंपनीच्या डोरिक झरणीच्या निबावर एक छोटी सरकती पट्टी बसविलेली असे. ती मागेपुढे केली की निब ताठ किंवा लवचीक होई. नऊ प्रकारांनी, असा कंपनीचा दावा. पुढे १९६४ च्या सुमारास आलेल्या पार्कर ७५ या चांदीच्या, पंचवीस डॉलरांच्या झरणीत निब फिरवून आपल्या पकडीच्या कोनाला जुळविता येई, आणि किती फिरविले हे कळावे म्हणून कडीवर बारीक खुणा कोरलेल्या असत. दोन्हींतील कारागिरी अस्सल आहे. मी तिला नावे ठेवीत नाही. पण लिहिणारा माणूस आपला कोन एकदा ठरवितो आणि मग जन्मभर त्याच कोनाने लिहितो. जी खूण एकदाच लागते ती रोज डोळ्यांसमोर मिरविण्याचे कारण लेखन नसून मिरविणे हेच असते. चमत्कृतीची माझी व्याख्या एवढीच : जी सोय वापरण्यापेक्षा दाखविण्यातच अधिक कामी येते, ती.

या कसोटीवर एस्टरब्रुक उतरते; तरी तिच्याविरुद्ध एक आक्षेप उरतोच, आणि तो आपल्यासारख्यांनीच घ्यावयाचा आहे. ती निबांची यादी ज्याने केली त्याच्या डोळ्यांसमोर रोमन लिपी होती. ग्रेगचे लघुलेखन तिच्यात आहे, इंग्रजी हिशेबनीस आहे, उलट्या कलाने लिहिणाऱ्यासाठीही निब आहे. पण बाळबोध लिहिणारा माणूस त्या यादीत कोठेच नाही. बेळगावच्या कचेरीत बसणाऱ्याला हे रोज जाणवते. माझ्या एका दिवसात इंग्रजी अर्ज, कन्नड नोटीस आणि मराठी पत्र अशा तीन लिप्या हाताखालून जातात. कन्नडची गोलाई सारख्या जाडीच्या रेघेने सुखाने लिहिता येते. बाळबोधीचे तसे नाही. तिच्या शिरोरेघेला आणि उभ्या काण्याला भरीवपणा हवा असतो, आणि तिच्यातील जाड-बारीक रेघांचा कल रोमनच्या नेमका उलट पडतो. म्हणूनच पोथ्या लिहिणाऱ्यांचा बोरू रोमन लेखणीच्या उलट बाजूने तिरपा कापलेला असे. पुढे इंग्लंडातील ऑस्मिरॉइड कंपनीची निबे याच झरणीच्या आट्यांत बसत आणि त्यांत तिरप्या कापाची, डावखुऱ्यांसाठी केलेलीही असत. पण आपल्या लिपीची आठवण ठेवून कोणी ती केलेली नव्हती.

बोरूचा उल्लेख आला म्हणून थोडे थांबतो. आमच्या भागातील जमिनीच्या दाव्यांत अजूनही मोडी कागद निघतात. आधी ओळभर शिरोरेघ ओढून तिच्याखाली हात न थांबविता लिहीत गेलेली ती अक्षरे पाहिली म्हणजे ध्यानात येते, की त्या लेखकाची लेखणी कोणत्याही यादीतून निवडलेली नव्हती. वेताची वा बोरूची काडी एका पैशाचीही नसेल. पण तिचे टोक त्याने स्वतःच्या चाकूने, स्वतःच्या हाताच्या कलाला, स्वतःच्या लिपीला जुळेल असे कापलेले होते, आणि बोथट झाले की पुन्हा कापले होते. खऱ्या अर्थाने 'खास माझी' म्हणावी अशी लेखणी तीच. यादीतून निवडणे आणि स्वतः कापणे यांत जो फरक आहे तो झरणीच्या शोधाने बुजविला नाही, झाकला मात्र. एस्टरब्रुकने तो सर्वांत कमी झाकला, म्हणून मी तिच्या बाजूने उभा आहे.

आणि कायदा काय म्हणतो ? १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या ४७ व्या कलमाने, ज्याला एखाद्याच्या हस्ताक्षराचा परिचय आहे अशा साध्या माणसाचे त्या अक्षराविषयीचे मत ग्राह्य धरले. ७३ व्या कलमाने अक्षराशी अक्षर ताडून पाहण्याचा अधिकार न्यायालयास दिला. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी हे तत्त्व त्यातही कायम आहे. साक्षीदाराला आपण विचारतो : हे अक्षर कोणाचे ? तो सांगतो : माझ्या वडिलांचे. झरणी कोणती होती, टोपण कोणत्या रंगाचे होते, हे तो सांगत नाही. बहुधा त्याला आठवतही नाही. निब बदलले तर रेघ जाड-बारीक होते, पण अक्षर कसे वळते, कोठे उचलले जाते, शेवटी किती ओढले जाते, हे हातच ठरवितो. म्हणजे लेखणी कितीही बदलली तरी माणूस आपल्या वळणातून ओळखला जातो, हा आपल्या न्यायालयांचा दीडशे वर्षांचा विश्वास आहे. मग झरणीवर कोरलेले नाव नेमके काय सिद्ध करते ? फार तर ती झरणी कोणाची, एवढेच. लिहिले कोणी, हे नाही.

एस्टरब्रुकचा मोठेपणा मला येथे दिसतो. निब तुमच्या कामाचे द्यावयाचे आणि मग हाताच्या वाटेतून दूर व्हावयाचे, एवढेच तिने केले. तुमचे व्यक्तिमत्त्व मी घडविते असा आव तिने आणला नाही. बॉलपेनच्या लाटेत १९६७ साली ती कंपनी व्हीनस या पेन्सिलींच्या कंपनीशी जोडली गेली आणि पुढे त्या झरण्या निघेनाशा झाल्या. या शतकात ते नाव पुन्हा बाजारात आले आहे. नव्या झरण्या काही डॉलरभर किमतीच्या नाहीत. परंतु जुनी निबे नव्या झरणीत बसावीत म्हणून एक जोडनळीही काढण्यात आली आहे. अंगे बदलली, मालक बदलले, आणि जगले ते निब. जी सोय खरी होती तीच टिकली, याहून मोठा दाखला कोणता द्यावा ?

भाच्याला मी एवढे सगळे ऐकविले नाही. आजोबांची झरणी धुऊन, शाई भरून त्याच्यापुढे ठेवली आणि त्याचेच नाव बाळबोधीत लिहावयास सांगितले. मग त्याच्या नव्या झरणीने तेच नाव खाली लिहविले. दोन्ही ओळी त्याने बराच वेळ पाहिल्या. वरची रेघ थोडी भरीव होती, खालची बारीक. पण दोन्हींतला 'क' तसाच, एकाच बाजूला कललेला.

"मामा, अक्षर तर तेच आहे की," तो म्हणाला.

"तेच असणार. ते तुझे आहे," मी म्हटले.

नवी झरणी तो घेऊन गेला. ती त्याने वापरावी. तिच्याशी माझे भांडण नाही. जुनी मागेल तेव्हा देईन, असे सांगून ठेवले आहे. तूर्त ती माझ्या मेजावर आहे आणि हा लेख तिनेच लिहिला आहे. नव्हे, चुकलो, लिहिला मीच, तिने फक्त अडथळा आणला नाही.